वेगवान इलेक्ट्रिक मोटारीचे टायर लवकर आणि एकाच कडेने का झिजतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जास्त ताकदीच्या इलेक्ट्रिक मोटारी घेतलेल्या मंडळींकडून टायरविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. मी स्वतः अशीच गाडी चालवतो. पहिल्या संचातील मागची जोडी मी अठरा हजार किलोमीटरांतच गमावली. तेव्हापासून दर हजार किलोमीटरला नक्षीची खोली मोजून वहीत लिहून ठेवतो, आणि पुढील उत्तरांतील बरेचसे शहाणपण त्या वहीतून आलेले आहे. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागला, तर तो पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. माझ्या आधीच्या डिझेल गाडीचे टायर पन्नास हजार किलोमीटर चालले. नव्या इलेक्ट्रिक गाडीचे वीस हजारांतच गोटा झाले. टायरच खराब निघाले का?

बहुतेक वेळा टायरमध्ये दोष नसतो. टायर रस्त्यावर नुसता फिरतो तेव्हा रबर फारसे जात नाही. वेग वाढवताना, थांबताना किंवा वळताना तो डोळ्यांना न दिसेल इतका घसरतो, तेव्हा ते जाते. जास्त ताकदीच्या इलेक्ट्रिक गाडीत ही घसर वाढवणारी कारणे एकाच वेळी हजर असतात. मोठ्या बॅटरीचेच वजन साडेचारशे-पाचशे किलोंच्या घरात असते आणि गाडी दोन टनांच्या आसपास जाते. शिवाय इलेक्ट्रिक मोटर आपला संपूर्ण टॉर्क अगदी शून्य वेगापासून देते, डिझेल इंजिनासारखी फेरे वाढण्याची वाट पाहत नाही. बीवायडी सीलच्या दोन मोटरांच्या आवृत्तीत 670 न्यूटन-मीटर टॉर्क आहे आणि ती 3.8 सेकंदांत शंभराचा वेग गाठते, असे कंपनीचे आकडे सांगतात. हा सगळा जोर रस्त्यापर्यंत पोहोचतो तो तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतून.

तिसरे कारण टायरच्याच स्वभावात आहे. या गाड्यांना कंपनीकडून येणारे टायर पकड आणि कमी आवाज यांसाठी बनवलेले असतात, आणि चांगली पकड देणारे रबर साधारणपणे लवकर झिजते. त्यामुळे वीस-पंचवीस हजार किलोमीटरांत चारही टायर सर्व रुंदीभर सारखे झिजले असतील, तर तो गाडीचा दोष मानू नये. मात्र एक कड संपली आणि बाकीची नक्षी शिल्लक राहिली, तर तेथे नक्कीच काहीतरी चुकलेले आहे. या लेखातील बहुतेक प्रश्न त्या दुसऱ्या प्रकाराचेच आहेत.

2. टायर बदलायची वेळ आली हे नेमके कसे ओळखावे?

टायरच्या मुख्य खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात आणि त्यांची उंची 1.6 मिमी असते. झिजलेली नक्षी या पट्टीच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही संपला. नव्या टायरची खोली सर्वसाधारणपणे सात ते आठ मिमी असते. कायद्याची मर्यादा काहीही असली, तरी 3 मिमी उरल्यावर टायर बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे, निदान पावसाळ्यापूर्वी तरी. दोन टनांची गाडी साचलेल्या पाण्यावर तरंगू लागली, की खाचांतून पाणी बाहेर फेकण्याखेरीज दुसरा आधार नसतो.

मोजण्यासाठी खोली मोजणारी छोटी पट्टी घ्यावी. ती काहीशे रुपयांच्या आत मिळते. प्रत्येक टायर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजावा. एकाच ठिकाणी मोजलेला आकडा किती फसवतो, ते पुढच्या उत्तरात आहे.

3. बाहेरून टायर नव्यासारखा दिसत होता, आणि पंक्चर काढताना आतल्या कडेला तारा दिसल्या. असे कसे झाले?

माझ्याबाबतीत हेच झाले. पारोळ्याजवळ मागच्या डाव्या टायरची हवा कमी झाल्याची सूचना आली, म्हणून रस्त्याकडेच्या दुकानात थांबलो. पंक्चर काढणाऱ्या काकांनी चाक उतरवले, खिळा शोधण्यासाठी टायरवर ओला हात फिरवला आणि मध्येच थांबले. त्यांनी चाक माझ्याकडे वळवले. बाहेरच्या बाजूला पाच मिमी नक्षी शाबूत होती, आणि आतल्या बाजूला दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यात रबर संपून पोलादी तारांची केसांसारखी टोके वर आली होती. त्याच टायरवर मी आदल्या आठवड्यात मुलांना घेऊन कन्नडचा घाट चढून उतरलो होतो.

कारण असे, की गाडी वळणावर स्थिर राहावी म्हणून अशा मोटारींची मागची चाके मुद्दाम वरून किंचित आत झुकवलेली असतात. या झुकावाला कॅम्बर म्हणतात. त्यामुळे सरळ रस्त्यावर आतल्या कडेवर थोडा जास्त भार असतो. त्यात चाकाची दिशा थोडीशी जरी बिघडली, तरी सगळी घासाघीस त्या अरुंद कडेवर होते. आपण रोज गाडीकडे पाहतो ते बाहेरून, आणि आतली कड चाकाच्या कमानीत लपलेली असते. पुढचे चाक स्टिअरिंग पूर्ण वळवले की निदान दिसते. मागचे तसेही दिसत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी पार्कमध्ये लावून, पार्किंग ब्रेक ओढून, मागून खाली वाकावे आणि विजेरीच्या उजेडात मागच्या टायरची आतली कड पाहावी. वाकणे जमत नसेल, तर मोबाइलचा दिवा सुरू करून चाकाच्या मागे चित्रीकरण करावे. त्यात सगळे स्पष्ट दिसते. कडेवरून उघडा हात मात्र फिरवू नये, कारण तारा बाहेर आलेल्या असल्यास बोट चिरते. तारा दिसल्यास महामार्गावर जाऊ नये आणि टायर लगेच बदलावा.

4. दोष कॅम्बरचा असतो की टो चा? आमचे मेकॅनिक प्रत्येक वेळी कॅम्बरच सांगतात.

माझ्या अनुभवात खरा चोर बहुतेक वेळा टो असतो. कॅम्बर त्याला फक्त जागा दाखवतो. वरून पाहिल्यास चाकाचे पुढचे टोक आत किंवा बाहेर वळलेले असणे म्हणजे टो. चाक गाडीच्या दिशेशी एक दशांश अंशाने जरी तिरके असेल, तरी गणिताने ते दर किलोमीटरला सुमारे पावणेदोन मीटर बाजूला ओढले जात असते. दहा हजार किलोमीटरांत ही ओढ साडेसतरा किलोमीटरांची होते. रबराची लवचिकता यातील काही भाग सोसते, सगळा सोसत नाही. याउलट एक-दीड अंशाचा कॅम्बर एकटा असेल, टो अचूक असेल आणि हवा योग्य असेल, तर टायर पुष्कळ सारखा झिजतो.

येथे एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. पुस्तकी नियम असा, की चाके पुढून आत वळलेली असली तर बाहेरची कड झिजते आणि बाहेर वळलेली असली तर आतली. पण मागच्या चाकांना आत झुकणारा कॅम्बर बराच असेल, तर टो कोणत्याही दिशेने बिघडला तरी झीज आतल्याच कडेवर येते, कारण भार तेथे आहे. म्हणून केवळ कड पाहून टो ची दिशा ठरवू नये. ती मोजावीच लागते. मोजणीची रीत प्रश्न 8 मध्ये आहे.

5. झिजेच्या खुणांवरून कारण ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते, परंतु टायर उतरवून उजेडात पाहायला हवा. मधला पट्टा झिजला आणि दोन्ही कडा उरल्या तर हवा सतत जास्त राहिलेली असते. दोन्ही कडा झिजून मध्य उरला तर हवा कमी. एकच कड झिजणे हे कोन बिघडल्याचे लक्षण आहे.

नक्षीच्या ठोकळ्यांवरून तळहात आडवा फिरवल्यास, एका दिशेने तो गुळगुळीत सरकतो आणि उलट दिशेने करवतीसारखा अडकतो, असे असेल तर टो बिघडलेला आहे. ही खूण डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी हाताला कळते, म्हणून मला ती सर्वांत मोलाची वाटते. (हात फिरवण्यापूर्वी प्रश्न 3 मधील तारांची सूचना लक्षात ठेवावी.) टायरच्या परिघावर ठिकठिकाणी खोलगट वाट्या पडल्या असतील, तर शॉकअब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग बिघडले आहे. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे अशा टायरची घरघर लवकर ऐकू येते, आणि पुष्कळ जण ती बेअरिंगची समजून बेअरिंग बदलून बसतात.

6. खानदेशच्या उन्हाळ्यात हवा किती ठेवावी? दुपारी मीटर पाच-सहा पीएसआय जास्त दाखवतो. कमी करावी का?

कमी करू नये. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा छापलेला असतो, तो थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास सावलीत उभी असताना. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, डांबराचा पृष्ठभाग त्याहूनही कितीतरी जास्त तापतो, आणि चालताना टायर स्वतःही गरम होतो. पहाटे 30 अंशांना 36 पीएसआय भरलेल्या टायरमधील हवा 60 अंशांना पोहोचली, की मीटर 41 च्या आसपास दाखवतो. हे वाढणे गृहीत धरूनच टायर आणि त्याचा आकडा ठरवलेला असतो.

आता उलट बाजू पाहा. भर दुपारी पंपावर थांबून तापलेल्या टायरमध्ये मीटर 36 दाखवेपर्यंत हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टायरमध्ये 31 पीएसआय उरते. दोन टनांच्या गाडीला पाच पीएसआय कमी म्हणजे दोन्ही कडांवर ओझे, साइडवॉलचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचे, जास्त वाकणे आणि त्यातून आणखी उष्णता. उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटण्याची भीती आपल्याकडे सर्वांना असते, आणि त्या भीतीपोटीच लोक हवा सोडतात. प्रत्यक्षात कमी हवेचा टायरच जास्त तापतो.

थंडीत गणित पुन्हा बदलते. दिवाळीपूर्वी 30 अंशांना भरलेली 36 पीएसआय हवा डिसेंबरच्या 10 अंशांच्या पहाटे 33 च्या खाली जाते. साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवला तरी पुरे. घरी एक चांगला हातमीटर आणि बारा व्होल्टचा छोटा पंप असावा, आणि पंधरा दिवसांतून एकदा सूर्य वर येण्याआधी हवा पाहावी. पाच माणसे आणि सामान असेल, तर चौकटीवरील पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वापरावा.

7. नायट्रोजन भरल्याने झीज कमी होते का?

साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश गळतो, एवढाच फायदा. तापल्यावर त्याचाही दाब जवळजवळ तेवढाच वाढतो. नियमित हवा पाहणाऱ्याला त्याने झिजेत फरक पडणार नाही, आणि नायट्रोजन मिळत नाही म्हणून कमी हवेवर गाडी चालवणे हे तर अगदी चुकीचे आहे.

8. व्हील अलाइनमेंट करताना नेमके काय पाहावे आणि काय विचारावे?

पहिला प्रश्न हा विचारावा: मागच्या चाकांचे कोन मोजता का, आणि ते बदलता येतात का? आपल्याकडील पुष्कळ दुकानांत वर्षानुवर्षे ज्या गाड्या आल्या, त्यांच्या मागच्या चाकांना कोन बदलण्याची सोयच नव्हती, त्यामुळे पुढचा टो जुळवून आणि स्टिअरिंग सरळ करून काम संपवण्याची सवय पडलेली आहे. ती सवय या गाड्यांना महागात पडते. येथे मागच्या चाकांचे कोन आधी जुळवायचे असतात, कारण गाडी कोणत्या दिशेने ढकलली जाईल हे मागचा आस ठरवतो, आणि पुढची चाके त्या दिशेला अनुसरून जुळवायची असतात.

गाडी यंत्रावर चढवण्यापूर्वी चारही टायरची हवा छापील आकड्याइतकी असावी, डिकीत जास्तीचे सामान नसावे आणि एअर सस्पेन्शन असल्यास गाडी कंपनीने सांगितलेल्या उंचीवर ठेवावी. यंत्रात नेमके आपलेच मॉडेल आणि आवृत्ती निवडली आहे हे स्वतः पाहावे. एक मोटर आणि दोन मोटर यांचे आकडे वेगळे असू शकतात. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे छापलेला कागद मागून घ्यावा. कागद देत नसतील तर काम झाले असे समजू नये. माझ्या गाडीचे अलाइनमेंट टायर जाण्यापूर्वी एका ठिकाणी दोनदा झाले होते आणि दोन्ही वेळा मला तोंडीच सांगितले गेले, की सर्व ठीक आहे. तिसऱ्यांदा दुसरीकडे कागद मिळाला, तेव्हा मागचा डावा टो मर्यादेच्या बाहेर असल्याचे प्रथमच कळले.

आणखी एक सूचना जीवाभावाने करतो. गाडी जॅकवर उचलायची असेल, तर जॅक फक्त ठरवून दिलेल्या चार बिंदूंवर लावला जात आहे हे उभे राहून पाहावे. मधल्या भागात संपूर्ण बॅटरी पसरलेली असते आणि तिच्या तळाला जॅकने पोचा आला, तर त्या खर्चापुढे टायरचा खर्च काहीच नाही.

9. कागदावर सगळे आकडे हिरवे आहेत, तरी आतली कड झिजतेच आहे. आता काय?

हिरवा रंग म्हणजे आकडा मर्यादेत आहे, एवढेच. मर्यादा बरीच रुंद असते. त्यातील एका टोकाचा टो आणि दुसऱ्या टोकाचा टो यांत टायरचे आयुष्य खूप बदलते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला सांगावे, की मला मर्यादेच्या मधला आकडा हवा आहे, आणि डावी-उजवी चाके एकमेकांशी जुळलेली हवीत. एका चाकाचा टो जास्त आणि दुसऱ्याचा तेवढाच कमी असेल, तर बेरीज हिरवी येते आणि गाडी तिरकी चालत राहते.

दुसरी शक्यता अशी, की गाडी उभी असताना कोन बरोबर असतात आणि चालताना बिघडतात. कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश सैल झाले असतील, तर प्रत्येक वेळी वेग वाढवताना किंवा मोटरने वेग आवळताना चाकाची दिशा थोडी हलते. यंत्रावर हे दिसत नाही. त्यासाठी गाडी उचलून आर्मला पहारीने हलकेच जोर देऊन पाहावे लागते.

तिसरी शक्यता भाराची. आपण अलाइनमेंट रिकाम्या गाडीचे करतो आणि लग्नसराईत पाच माणसे, मागे बॅगा व आहेराचे सामान घेऊन शिरपूर ते नाशिक फेऱ्या मारतो. मागचा भाग दबला की बहुतेक सस्पेन्शनमध्ये कॅम्बर आणखी आत झुकतो. गाडी नेहमीच भरलेली चालत असेल, तर हे दुकानदाराला आधी सांगावे. तसेच उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या असतील, तर मूळ मर्यादेत कॅम्बर येणारच नाही. त्यासाठी लांबी बदलता येणारे आर्म लागतात.

10. फक्त मागचेच टायर का संपतात? पुढचे तर तसेच आहेत.

मोटर कोणत्या आसावर आहे यावर हे अवलंबून असते. मागून ओढ असलेल्या गाडीत वेग वाढवण्याचा सगळा जोर मागच्या चाकांवर असतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर जनित्र होऊन जो वेग आवळते, तोही त्याच चाकांतून. पेट्रोल गाडीत ब्रेकचे बहुतांश काम पुढची चाके करत. येथे मात्र रोजचे पुष्कळसे थांबणेही मागच्या टायरच्या खात्यावर पडते. चारही चाकांना ओढ असलेल्या अनेक गाड्यांतही मागची मोटर मोठी असते, त्यामुळे तेथेही मागची जोडी आधी जाते. पुढच्या ओढीच्या गाडीत याच्या उलट होते.

11. मग ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी आवळणारी रीजन सोय कमी ठेवावी का?

तशी गरज नाही. वेग शेवटी टायरमधूनच कमी होणार, मग तो मोटरने आवळा किंवा ब्रेकने. फरक एवढाच की काम कोणत्या जोडीने करायचे. टायर वाचतात ते आवळणे हळुवार ठेवल्याने. एका पेडलवर चालवताना पाय झटक्यात सोडण्याची सवय लागते, ती मोडावी आणि पेडल सावकाश सैल करावे. सुटतानाही तेच. सिग्नलवरून पहिल्या दोन सेकंदांत दिलेला पूर्ण जोर टायरला जेवढा खातो, तेवढे पुढचे कित्येक किलोमीटर खात नाहीत. गाडीत सौम्य चालवण्याचा मोड असेल, तर गावात तोच ठेवावा. लळिंगच्या घाटासारख्या ठिकाणी उतरताना मात्र रीजन पूर्ण ठेवावे, त्याने ब्रेक तापत नाहीत. फक्त ओल्या रस्त्यावर वळणात पाय एकदम सोडू नये.

12. टायरची पुढेमागे अदलाबदल किती किलोमीटरला करावी?

चारही टायर एकाच मापाचे असतील तर दर आठ हजार किलोमीटरला करावी. दहा हजारांपलीकडे मुळीच जाऊ देऊ नये. मागून ओढ असलेल्या गाडीत मागची चाके सरळ पुढे आणि पुढची चाके तिरकी मागे नेतात. ज्या टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो मात्र त्याच बाजूला ठेवावा लागतो. बाजूवर आत आणि बाहेर असे लिहिलेले टायर चाकासह डावीकडून उजवीकडे नेता येतात, रिमवर उलटे बसवता येत नाहीत.

मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील, तर पुढेमागे करताच येत नाहीत. अशा गाडीत टायर वाचवण्याचे साधन म्हणजे अचूक टो आणि हवा, दुसरे नाही. अदलाबदल हे बिघडलेल्या कोनांवरचे औषध नाही, हेही लक्षात असावे. त्याने दोन टायरचे नुकसान चार टायरवर वाटले जाते, इतकेच.

13. आपल्या भागातील रस्त्यांमुळे झीज वाढते का?

वाढते, आणि तिची दोन रूपे आहेत. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात, कडा खचतात. रावेर-यावलकडे केळीच्या ट्रकला वाट देण्यासाठी चाके डांबरावरून साइडपट्टीवर उतरवून पुन्हा वर चढवावी लागतात. असा प्रत्येक धक्का टो हलवण्यास पुरेसा असतो असे नाही, पण रुंद रिम आणि कमी उंचीच्या साइडवॉलमुळे धक्का झेलायला रबर थोडेच उरते आणि उरलेला सगळा आर्मला जातो. जोरदार आपटल्यावर स्टिअरिंग किंचित जरी तिरके वाटले, किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर आठ हजारांची वाट न पाहता कोन तपासून घ्यावेत. साइडवॉलवर फुगा आला असेल तर टायर लगेच बाद करावा. तो दुरुस्त होत नाही.

दुसरे रूप म्हणजे पृष्ठभागाचा खरबरीतपणा. पकडीसाठी खाचा पाडलेला सिमेंट काँक्रीटचा रस्ता आणि नुकतीच बारीक खडी टाकलेला रस्ता हे दोन्ही रबर जास्त खातात.

14. नवे टायर घेताना काय पाहावे? दुकानदार त्याच मापाचे निम्म्या किमतीचे टायर दाखवतो.

माप जुळणे पुरेसे नाही. मापापुढे दोन-तीन आकडी भारांक आणि वेगाचे अक्षर असते. 96 म्हणजे प्रत्येक टायरला 710 किलो, 100 म्हणजे 800 किलो आणि 103 म्हणजे 875 किलो. गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर कधीही घेऊ नये. जड गाड्यांसाठी बाजूवर एक्सएल किंवा एचएल अशी अक्षरे असतात. मूळ टायरवर ती असतील तर नव्यावरही हवीत. वेगाच्या अक्षरांत व्ही म्हणजे ताशी 240 आणि डब्ल्यू म्हणजे 270 किमी. एवढ्या वेगाने आपण जाणार नाही हे खरे, परंतु वरच्या अक्षराचा टायर उष्णताही जास्त सोसतो, आणि आपल्याकडे तीच महत्त्वाची आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांसाठी म्हणून विकले जाणारे टायर भार, कमी आवाज आणि कमी फिरणरोध यांचा विचार करून बनवलेले असतात. ते घेतलेच पाहिजेत असे नाही. भारांक जुळणारा, थोड्या कडक रबराचा प्रवासी टायर घेतला, तर पकड काहीशी कमी होऊन आयुष्य वाढते; रोज धुळे-जळगाव करणाऱ्याला हा सौदा परवडतो. मी स्वतः दुसरा संच असाच निवडला. खरेदी करताना बाजूवरील चार आकडी तारीख पाहावी: 2324 म्हणजे 2024 सालातील तेविसावा आठवडा.

15. दोनच टायर बदलले तर चालेल का?

एका आसावरील दोन्ही एकत्र बदलले तर चालते. एकच कधीही बदलू नये. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या खोलीतील किती फरक चालतो, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. नवी जोडी शक्यतो मागे बसवावी, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी भोवरते. आणि टायर बदलण्यापूर्वी कोन दुरुस्त झालेले नसतील, तर नवी जोडीही त्याच वाटेने जाणार. प्रश्न 8 आणि 9 पाहावेत.

16. टायरच्या आत फोम चिकटवलेला आहे. गावातला पंक्चरवाला तो दुरुस्त करू शकतो का?

करू शकतो, परंतु रीत वेगळी आहे. आवाज कमी करण्यासाठी आतून लावलेला हा फोम छिद्राभोवती थोडासा कापून, जागा स्वच्छ करून आतून पॅच लावावा लागतो. बाहेरून सुतळीसारखी पट्टी ठासल्याने वेळ निभावते, पण नंतर टायर उतरवून नीट काम करून घ्यावे. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते आणि डब्यातील द्रव टायरमध्ये सोडण्याची सोय असते. तो द्रव एका जागी साचून बॅलन्सिंग बिघडवतो, म्हणून पुढच्या दुकानात तो काढून टाकावा. कडेच्या किंवा साइडवॉलच्या छिद्राला पॅच चालत नाही.

17. एवढ्या लवकर संपलेल्या टायरची वॉरंटी मिळते का?

टायरची हमी सहसा गाडीची कंपनी देत नाही, टायरची कंपनी देते, आणि ती निर्मितीतील दोषांसाठी असते; भरपाईही उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते. एका कडेची झीज ही अलाइनमेंटची मानली जाते आणि दावा नाकारला जातो. तरीही एक मार्ग आहे. नवी गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्या हजार किलोमीटरांतच कोन मोजून कागद ठेवावा. गाडी कारखान्यातूनच बिघडलेल्या टो ने आली असेल, तर तो कागद आणि खोलीच्या नोंदी घेऊन विक्रेत्याशी बोलता येते. माझ्याजवळ पहिला कागद नव्हता, त्यामुळे मला काहीच म्हणता आले नाही.

18. नवे टायर टाकल्यावर एका चार्जमध्ये कमी किलोमीटर मिळू लागले. दुकानदाराने फसवले का?

तसे मानण्याचे कारण नाही. पूर्ण खोलीचे नवे रबर फिरताना जास्त दबते आणि त्यात ऊर्जा जाते. झिजलेला टायर हलका व कडक झालेला असल्यामुळे कमी वीज घेतो. म्हणजे आधीचा आकडाच टायर संपत आल्यामुळे वाढलेला होता. पहिल्या काही हजार किलोमीटरांत थोडा फरक भरून निघतो. टायर दुसऱ्या बनावटीचे असतील, तर काही फरक कायमही राहू शकतो. मात्र तोटा फारच मोठा असेल आणि महिन्याभरानेही हटला नाही, तर पहाटे हवा मोजावी, आणि तीही बरोबर असेल तर टायर बसवल्यानंतरचा अलाइनमेंटचा कागद काढून मागच्या चाकांच्या टो चे दोन आकडे वाचावेत.